लग्नाच्या पन्नाशीचं जेवण

आईने त्या हॉटेलाचा विषय काढला तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारीची काहीतरी गफलत झाली असावी.

लग्नाला पन्नास वर्षं होत होती. घरीच चार माणसं बोलवावीत, केक कापावा, फोटो काढावेत असं थोरल्याने, म्हणजे दादाने, ठरवूनही टाकलं होतं. धाकटा समुद्रापलीकडे नोकरीला, त्याने फोनवरच हात जोडून सुटका करून घेतली होती. राहिली मधली. तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं, नवरा सोडून गेल्याला बराच काळ लोटला होता आणि केस पांढरे व्हायला लागले होते. बाहेर लोक तिला मॅडम म्हणत. पण आईबापाच्या उंबऱ्यात पाय ठेवला की ती नुसती मधली व्हायची.

“घरी नको,” आई म्हणाली. “आपण त्या स्टेकहाउसात जाऊ. हे जायचे ना, तिथे.”

वहिनीने दादाकडे पाहिलं, दादाने मधलीकडे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान वर केली.

“अगं, पण तिथे फक्त मांस असतं. ही एवढी जाडजूड लादी,” दादा म्हणाला. “बाबांना झेपणार आहे का?”

“झेपेल. त्यांना तिथलंच आवडतं. पन्नास वर्षांत एकदा ह्यांच्या आवडीचं करायला नको?”

वहिनीचे डोळे पाणावले. घरी जाताना ती मधलीला म्हणाली, “बायको असावी तर अशी.” मधलीने मान डोलावली. तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

बाबांना सगळं शहर मास्तर म्हणून ओळखायचं. त्यांना शिंपी म्हणायची कुणाची छाती नव्हती. कोट कापावा तर मास्तरांनीच, असं बडी माणसं म्हणायची, आणि कोट मनासारखा बसला की तीच माणसं मास्तरांना त्या स्टेकहाउसात जेवायला न्यायची. मास्तर घरी परतायचे तेव्हा त्यांच्या अंगाला धुराचा आणि लोण्याचा वास यायचा. मग खुर्चीत रेलून ते मुलांना वर्णन करून सांगायचे: मांस मधोमध कसं गुलाबी होतं, सुरी कशी अल्लद आत उतरली, वेटर कसा वाकून उभा होता. आई त्या वेळी मागच्या खोलीत गुडघ्यावर कोट घेऊन बटणांची काजं करत बसलेली असायची. एकदाच, फक्त एकदा, तिने आतून विचारलं होतं, “मला न्याल का हो कधी तिथे?”

मास्तरांनी मुलांकडे बघून डोळा मिचकावला होता. “नेईन की! आधी सांग, काटा कुठल्या हातात धरायचा?”

आई दारात आली आणि तिने उजवा हात वर केला. मुलं पोट धरधरून हसली. सगळ्यात मोठ्याने मधली हसली, कारण बाबा खुशीत असले की त्या घरात संध्याकाळ बरी जायची, हे तिला त्या वयातही कळत होतं.

आता मास्तरांची रया गेली होती. झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा बसली. डोकं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी घरच्यांना बजावून सांगितलं होतं, त्यांना सगळं समजतं, त्यांच्यासमोर बोलताना भान ठेवा. जिभेवर एकच शब्द शिल्लक राहिला होता, तो म्हणजे ‘बस’. तहान लागली तरी बस, उशी घसरली तरी बस, संताप आला तरी बस. “बाबांना एकदा स्टँडवर सोडून यायला हवं,” असा एक विनोद दादा पाहुण्यांपुढे करायचा, आणि पाहुणे हसू की नको अशा तोंडाने हसायचे. मास्तर डाव्या हाताने जेवायचे, पण कुणीतरी बारीक तुकडे करून समोर ठेवले तरच. ते काम आई करायची. न बोलता, न चिडता करायची. शेजारपाजारचे तिच्या सेवेचे गोडवे गायचे.

त्या संध्याकाळी मधली त्यांना न्यायला आली तेव्हा आई मास्तरांच्या अंगात कोट चढवत होती. त्यांनी स्वतःसाठी कापलेला राखाडी कोट. पूर्वी तो अंगाला चिकटून बसायचा, आता खांद्यांवर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. आईने गर्द जांभळा नवा पोशाख घातला होता आणि केस सलूनमधून करून घेतले होते. मधलीने आपल्या आईला इतकं नटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“आई, तिथे बाबांचं कापूनबिपून द्यायला लागेल. मी बसू का त्यांच्या शेजारी?”

“मी आहे ना,” आई म्हणाली आणि मास्तरांच्या टायची गाठ वर सरकवली. जरा जास्तच वर सरकवली. मास्तरांनी हनुवटी उचलली, पण गाठ तशीच राहिली.

स्टेकहाउसाच्या दारातच काचेचं एक मोठं कपाट होतं आणि आत मांसाचे गडद लाल खांब आकड्यांना टांगलेले होते. पुढे मंद दिवे, चामड्याच्या रुंद खुर्च्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. प्रत्येकाच्या पुढ्यात लाकडी मुठीची एक जड सुरी. आतल्या बाजूला निखाऱ्यांची भट्टी होती, आणि मांस जाळीवर पडलं की चुरर्र आवाज सगळ्या दालनात ऐकू यायचा. माणसं मात्र हळू आवाजात बोलत होती.

मॅनेजरने मास्तरांना ओळखलं. तो लगबगीने पुढे आला आणि त्याने त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

“मास्तर! अहो, किती वर्षांनी! माझ्या लग्नातला कोट तुमच्याच हातचा. अजून जपून ठेवलाय.”

मास्तरांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळली. झटक्यानंतर पहिल्यांदाच ते ताठ उभे राहिल्यासारखे मधलीला वाटले. मॅनेजरने अदबीने आईकडे पाहिलं. “आणि आपण…?”

“मी काजं करते,” आई म्हणाली.

मॅनेजरला तो विनोद वाटला. तो बेताने हसला आणि त्याने त्यांना मधोमध असलेल्या गोल टेबलाशी नेलं. आई मास्तरांच्या उजव्या हाताला बसली, म्हणजे मेलेल्या हाताच्या बाजूला. डावीकडे मधली बसली. समोर दादा-वहिनी.

वेटर तरुण होता, पण मुरलेला होता. मास्तरांची अवस्था त्याने एका नजरेत हेरली आणि मेनूकार्ड आईसमोर उघडलं. आईने चष्मा लावून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सगळे ताटकळले. मग ती म्हणाली, “ह्यांना हे मोठं, हाडासकटचं. आणि भाजायचं कसं, ते नीट ऐका. वरून खरपूस, मध्ये गुलाबी. रक्त आत दिसलं पाहिजे, पण ताटात सांडता कामा नये. लोणी शेवटी, आधी नाही. बरोबर ना हो?”

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. खुर्चीत रेलून मुलांना ते जे सांगायचे, त्यातला एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

“आई, मी काय म्हणते,” मधली हळूच म्हणाली, “बाबांसाठी सूपही सांगून ठेवू. मऊ काहीतरी.”

“सूप मी घरी देतेच की रोज. आज काय आजाऱ्याचं जेवण आहे?”

बाकीच्यांनी आपापलं सांगितलं. वेटरने सगळं लिहून घेतलं आणि खाली वाकून अगदी हलक्या आवाजात विचारलं, “साहेबांचं आतूनच कापून आणू का?”

“कापून? मास्तरांना?” आईचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचला. “अहो, सगळ्या शहराचं कापड ह्यांनी कापलंय. ह्यांना तुम्ही कापून देणार?”

वेटर ओशाळला. दादा हसला. वहिनीही हसली. मास्तरांच्या गालाचा एक स्नायू हलला, पण ते हसू होतं की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

ताटं आली. मास्तरांच्या ताटातला तुकडा ताटाबाहेर डोकावत होता, हाडावर चरबी अजून फुटत होती. आईने स्वतःच्या ताटाकडे वळून काटा डाव्या हातात घेतला, सुरी उजव्या हातात, आणि घास कापून तोंडात टाकला. कुठे खट नाही की खुट नाही. मधली बघत राहिली. घरी आई सगळं हातानेच खायची. हे ती कधी शिकली, कुणासमोर बसून शिकली?

मास्तर थांबले. रोजच्या सवयीने त्यांनी ताट जरासं आईकडे ढकललं. आई खात राहिली. त्यांनी पुन्हा ढकललं.

“काय हवंय? मीठ?” तिने मिठाची वाटी पुढे सरकवली आणि पुन्हा आपल्या ताटात लक्ष घातलं.

मग मास्तरांनी डाव्या हातात काटा उचलला. तो मांसात रोवला आणि वर उचलला, तर अख्खा तुकडा हाडासकट वर आला. हात थरथरला, तुकडा निसटून धप्पकन खाली पडला, आणि तपकिरी रस्सा टेबलक्लॉथवर, कोटाच्या बाहीवर, टायवर उडाला. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली आणि लगेच तिने नजर फिरवली.

मधलीने आपली सुरी उचलली. “थांबा बाबा, मी—”

“हात काढ,” आई म्हणाली. तिने मान वरही केली नव्हती. “ह्यांच्या कामात कुणी हात घातलेला ह्यांना खपत नाही. माहीत नाही का तुला?”

मधलीने हात मागे घेतला. तिची पन्नाशी जवळ आली होती, तिच्या हाताखाली माणसं काम करत होती, आणि तिने हात मागे घेतला.

आईने बोट वर केलं. वेटर धावत आला.

“हे परत न्या. कडेला वातड आहे. ह्यांना आवडलेलं नाही.”

“बस,” मास्तर म्हणाले.

“बघा,” आई म्हणाली.

ताट गेलं. चौघं जेवत राहिले, आणि मास्तर समोरच्या डागाकडे बघत बसले. दादा वहिनीला भट्टीचं तंत्र समजावून सांगू लागला. बऱ्याच वेळाने दुसरं ताट आलं. तुकडा आणखी सुरेख होता. वेटर ते खाली ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, “जरा दिव्याखाली धरा.”

वेटरने ताट दिव्याखाली धरलं. आईने मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि तुकडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. ते बघून मधलीने काटा खाली ठेवला. मान अशी तिरकी फक्त बाबा करायचे. तयार कोट दिव्याखाली धरून, एक डोळा बारीक करून ते आईची काजं तपासायचे आणि एकच शब्द म्हणायचे, “उसव.” कारण सांगायचे नाहीत. आई उसवायची आणि पुन्हा घालायची. ते पुन्हा दिव्याखाली धरायचे.

“नाही,” आई वेटरला म्हणाली. “डावीकडे जास्त भाजलंय. परत.”

मधलीला तो दिवस आठवला. आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या गावाहून निरोप आला होता की ते शेवटच्या घटका मोजतायत, लगेच निघा. आईने पिशवी भरली, चपला घातल्या. एका वराचा कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. “काजं आटप आणि जा, मी कुठे अडवतोय?” बाबा म्हणाले. तिने आटपली. त्यांनी कोट दिव्याखाली धरला. “उसव.” तिने पुन्हा घातली. “उसव.” गाडीची वेळ टळली. त्या वेळी सुईत दोरा ओवून द्यायला मधली शेजारी बसली होती. आईच्या डोळ्यांना पाणी येत होतं म्हणून तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. शेवटी कोट पसंत पडला तेव्हा बाबा म्हणाले, “बघ, मनात आणलं की जमतं.” आई पोचली तेव्हा तिच्या वडिलांना स्मशानात पोचवून माणसं अंघोळी करून बसली होती. आणि त्या वराच्या कोटाची तारीफ पुढे कितीतरी वर्षं बाबा सांगत होते.

आईने ती गोष्ट कधी कुणाजवळ काढली नव्हती. मधलीला वाटायचं, ती विसरली.

तिसरं ताट मॅनेजर स्वतः घेऊन आला. त्याच्या कपाळावर घाम होता. “मास्तर, माफी असावी. आमच्या मुख्य आचाऱ्याने स्वतः उभं राहून केलंय.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याने हात हातात घेतला होता त्या माणसासमोर त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. “बस,” ते म्हणाले. “बस. बस!”

“ते तुम्हाला बसा म्हणतायत,” आई मॅनेजरला म्हणाली. “फार अगत्य आहे त्यांना.” मग तिने काट्याचं टोक मांसावर हलकंच दाबलं. “आता निबर झालं. तीन वेळा आत-बाहेर केल्यावर होणारच. पण तुमचा तरी काय दोष? परत न्या.”

“आई, पुरे गं,” दादा दातांतून म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत की. तूच सांगत असतोस ना सगळ्यांना, आमच्या बाबांना उन्नीस-बीस चालत नाही म्हणून?”

लहानपणापासून दादाचा एक स्वभाव होता: काही बिनसलं की तो पटकन उभा राहून भाषण करायचा. तसाच तो आताही पेला हातात घेऊन उभा राहिला.

“आज आमच्या आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली,” तो मोठ्याने म्हणाला. आजूबाजूच्या टेबलांवरची कुजबुज थांबली. “बाबांनी आईला कधी कशाची कमी पडू दिली नाही. आणि आईने बाबांच्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. आजच्या काळात असं जोडपं दाखवून द्या!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा तर उभाच राहिला. आईनेही टाळ्या वाजवल्या. मग मास्तरांचे हात मांडीवरच आहेत हे तिच्या लक्षात आलं. तिने त्यांचा लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि दुसऱ्या हाताने त्यावर टाळी दिली. एक, मग दुसरी, मग तिसरी. तो हात ओल्या फडक्यासारखा आपटत राहिला. लोकांना ते दृश्य फारच हृद्य वाटलं. वहिनीने फोन काढून त्याचा व्हिडिओ घेतला.

मास्तरांच्या उजव्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळलं. पण झटक्यापासून तो डोळा तसाही सारखा गळायचा, त्यामुळे त्याचा कुणाला काही अर्थ लावता आला नाही.

टाळ्या ओसरल्यावर आई उठली. “मी जरा हात धुऊन येते.” वहिनी तिच्याबरोबर गेली. केक कधी आणायचा ते सांगायला दादा मॅनेजरकडे गेला. टेबलाशी मधली आणि मास्तर दोघेच उरले.

मधलीने क्षणाचाही विलंब लावला नाही. तिच्या ताटात अर्धा तुकडा शिल्लक होता. तिने तो कापला, आणखी बारीक कापला, पुन्हा बारीक केला, रश्शात घोळवला. घासावर फुंकर मारून तिने काटा बापाच्या तोंडाशी नेला.

“घ्या बाबा. लवकर. ती यायच्या आत.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. घास आत गेला. ते चावत होते, हळूहळू, एका बाजूने, आणि मधलीला भडभडून आलं. तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या टायची गाठ सैल केली, ओठाच्या कोपऱ्यातला रस्सा रुमालाने टिपला. “बाबा, उद्यापासून तुम्ही माझ्याकडे या,” ती पुटपुटली. “मी बघते तुमचं सगळं. ती तुमचे हाल करतेय. मला दिसतंय, बाबा.”

मास्तर चावायचे थांबले. त्यांचा डावा डोळा बारीक झाला. त्यांनी मान जरा तिरकी केली, श्वास घेतला आणि तोंडातला घास फूं करून तिच्या तोंडावर थुंकला.

चघळलेलं मांस तिच्या कपाळावर, गालावर, चष्म्याच्या काचांवर बसलं. काही कण खाली घरंगळून ब्लाउजच्या गळ्यात गेले. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी चमचा पडला. मधली तशीच बसून राहिली, रिकामा काटा हवेत धरून.

मग तिच्या पाठीमागे कुणीतरी हसलं.

आई उभी होती. मागे वहिनी, तोंडावर हात ठेवून. आई हसत होती, पण ते तिचं नेहमीचं ओठ मिटून घेतलेलं हसू नव्हतं. खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडाची जिवंत बाजू वर गेली. घशातून खर्रखर्र आवाज निघाला. ते दोघं हसत होते. एकमेकांकडे बघून. मधलीने आयुष्यात त्या दोघांना असं हसताना पाहिलं नव्हतं. बाबा हसायचे तेव्हा आई मागच्या खोलीत असायची.

“मला वाटलंच,” आई डोळे पुसत खाली बसली. “मी पाठ फिरवली की तू हेच करणार, असं मला वाटलंच.”

“आई, ते उपाशी आहेत,” मधली म्हणाली. काचांवरच्या खरकट्यामुळे तिला कुणाचाच चेहरा धड दिसत नव्हता.

“मग? असू देत. त्यांनी तुझ्याकडे मागितलं का?”

“तू त्यांच्यावर सूड उगवतेयस. आज, ह्या दिवशी, चारचौघांत. मला कळत नाही असं वाटतं तुला?”

दादा परत आला होता आणि खुर्चीची पाठ धरून उभा होता. आईने रुमालाची घडी घातली.

“उगवतेय,” ती शांतपणे म्हणाली. “आणि त्यांना ते कळतंय. मी मेनूकार्ड हातात घेतलं तेव्हाच कळलं. ते उठून निघाले का? मला मारायला डावा हात उचलला का? उचलता येतो त्यांना. पन्नास वर्षं मी सोसलं तेव्हा तुम्ही तिघं हसत होतात, आता ते सोसतायत तर तुला रडू येतंय. आमच्यात तू कोण गं?”

“मी मुलगी आहे त्यांची.”

“मुलगी!” आई म्हणाली. “तुझा नवरा का गेला, माहीत आहे? मला सांगून गेला तो. म्हणाला, तुमची मुलगी माणसाला कीव करकरून मारते. नोकरी गेली होती त्याची, तर तू त्याला घास भरवत बसायचीस. माणसाला मार सोसवतो, अपमान सोसवतो. तुझी दया नाही सोसवत. विचार ह्यांना.”

मधली बापाकडे वळली. चष्मा काढून तिने रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. मास्तर तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर आईवर होती, एखादी कारागीर आपल्या बरोबरीची निघाल्यावर असते तशी. त्यांनी डावा हात टेबलावरून सरकवला आणि आईच्या मनगटाजवळ नेऊन ठेवला. आईने आपला हात काढून घेतला नाही. धरलाही नाही.

“केक आणू ना?” दादाने विचारलं.

केक आला. मॅनेजरने आग्रह धरला की फोटो तो काढणार. वहिनी मधलीला म्हणाली, “तुम्ही जरा मागे उभ्या राहा ना, ह्यांच्या आड. पुढचा डाग दिसतोय.” मधली भावाच्या खांद्यामागे उभी राहिली. निघताना आईने वेटरला बोलावून तो तिसरा तुकडा बांधून घेतला. वेटरने पुडी तिच्या हातात देताना मान लववली, तर तिने त्याच्या दंडावर थोपटलं. “चांगलं करता हो तुम्ही,” ती म्हणाली. “मन लहान करू नका. ह्यांना कुणाचंच पसंत पडत नाही.”

बाहेर दादाने आईबाबांना आपल्या गाडीत मागे बसवलं. वहिनी पुढे बसली. दार लावून तो मधलीपाशी आला. दोघं क्षणभर दिव्याच्या खांबाखाली उभे राहिले.

“तू उगाच मध्ये पडलीस,” तो म्हणाला. “किती छान चाललं होतं सगळं.”

“छान चाललं होतं?”

“म्हणजे, निभलं असतं गं. आता तुझी वहिनी तिच्या माहेरी जाऊन सांगणार, आमच्या घरात थुंकाथुंकी होते म्हणून.” त्याने तिच्या गळ्यापाशी बघितलं आणि नाक मुरडलं. “घरी जाऊन आधी अंघोळ कर.”

तो गेला. गाडी अजून सुरू झाली नव्हती, आतला दिवा लागलेला होता. मधलीने काचेतून पाहिलं. आईने मांडीवर पुडी सोडली होती. ती मांस बोटांनी तोडत होती, अगदी बारीक, आणि एकेक कण मास्तरांच्या तोंडात घालत होती. मास्तर आ करायचे, ती घास आत सरकवायची, ते चावून संपवेपर्यंत थांबायची, मग पुन्हा आ. एकदा त्यांनी घास येण्याआधीच तोंड उघडलं, तर आईने हात मागे घेतला आणि त्यांना तसंच उघड्या तोंडाने थोडा वेळ ठेवलं. मग दिला. दोघांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. गाडी वळून निघाली तेव्हा मधली हात वर करणार होती, पण मागे वळून कुणीच पाहिलं नाही.

ती स्वतःच्या गाडीत बराच वेळ बसून राहिली. काचा वर होत्या तरी तिला तो वास येत होता, धुराचा आणि लोण्याचा, आणि त्यात म्हाताऱ्याच्या तोंडाचा. तिने ठरवलं की आता त्या घराची पायरी चढायची नाही. आईचा फोन आला तर घ्यायचा नाही. दादाने बोलावलं तर काम आहे म्हणायचं. घरी जाईपर्यंत तिने मनातल्या मनात आईला पुष्कळ ऐकवलं, बापाला त्याहून जास्त. सगळे शब्द अचूक सापडत गेले.

फोन आलाच नाही. कुणी माफी मागितली नाही, कुणी रागही धरला नाही. दादाने फक्त तो फोटो पाठवला. त्यात आईबाबा केकमागे बसलेले होते, आणि मधलीचा अर्धा कान तेवढा दादाच्या खांद्यावरून दिसत होता. दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर फ्रेम बसवताना तिचं लक्ष सारखं फोनकडे जायचं. मास्तरांना अंघोळ घालायचं काम रविवारचं, आणि ते तिचं. एकट्या आईला ते उचलले जात नाहीत.

रविवारी सकाळी ती चहा न घेताच उठली, जुने कपडे चढवले, आणि आपण कुठे निघालोय ह्याचा विचार न करता त्या दाराशी जाऊन उभी राहिली. आईने दार उघडलं. तिने मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आश्चर्य तिच्या तोंडावर नावालाही नव्हतं.

“आलीस?” ती म्हणाली. “पाणी तापलंय.”